पुस्तक घरी जातं, पण उघडतं कोण?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ‘मी प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. शाळेचं ग्रंथालयही माझ्याकडेच आहे. यंदा मी बालवाडी, पहिली आणि दुसरीच्या मुलांना दर आठवड्याला एक पुस्तक घरी द्यायला सुरुवात केली. मुलांइतकाच घरच्यांनाही पुस्तकांचा नाद लागावा, अशी इच्छा होती. प्रत्यक्षात अर्धी पुस्तकं दप्तरातून बाहेरच येत नाहीत. काही फाटून येतात, काही येतच नाहीत. पालकांना ग्रंथालयात बोलावलं तर चार-पाच जण आले, तेही नेहमीचेच. बाकीच्यांचं म्हणणं तीनपैकी एक असतं: आम्हाला वाचता येत नाही, आम्हाला वेळ नाही, किंवा गोष्टी कसल्या वाचायला लावता, अभ्यास घ्या. मुख्याध्यापक म्हणतात, लहान मुलांना पुस्तकं देणं बंद करा, कपाटात तरी नीट राहतील. सगळ्यात जास्त वाचून घेणाऱ्या पालकांना बक्षीस ठेवलं तर फरक पडेल का?’

ताई, नमस्कार.

पालकांना पाठवलेल्या सूचनेची प्रत पत्राला जोडलीत, ते फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्या कागदातच आहे. वाचकांसाठी ती इथे देते: ‘सर्व पालकांना कळवण्यात येते की, आपल्या पाल्याकडून दिलेल्या पुस्तकाचे रोज वीस मिनिटे वाचन करून घ्यावे, वाचनवहीत सही करावी व पुस्तक आठ दिवसांत सुस्थितीत परत करावे. पुस्तक फाटल्यास अथवा हरवल्यास भरपाई घेतली जाईल.’

दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाच्या नजरेनं हे वाचून बघा. त्यात एक काम आहे, एक सही आहे, एक मुदत आहे आणि शेवटी दम आहे. पुस्तकाबद्दल मात्र अवाक्षर नाही. ‘कळवण्यात येते’ म्हणून जे जे घरी येतं ते बहुधा थकबाकीचंच असतं, त्यामुळे तुमचा कागदही त्याच गठ्ठ्यात जातो. आणि भरपाईचं वाक्य वाचल्यावर घरचे जे करतात, त्यात त्यांचं काय चुकलं? दप्तरातून काढलंच नाही तर फाटणार नाही. तुमच्या मुख्याध्यापकांनी कपाटाबद्दल जो विचार केला, तोच त्यांनी दप्तराबद्दल केला.

पालकांना पुस्तकांचं वावडं आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. तुम्ही त्यांच्याकडे जे मागितलंत ते चुकीचं आहे. शाळेतली शिकवणी घरी चालू ठेवा, अशी ती मागणी आहे. ज्यांना शिकवणी जमते, ते चार-पाच जण आले. बाकीच्यांना शाळेनं परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं आणि त्यांनी दांडी मारली.

हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येईल. नमुना देते, त्यात हवे ते फेरफार करा:

‘आज तुमच्या मुलानं हे पुस्तक स्वतः निवडून आणलं आहे. जमेल तेव्हा शेजारी बसा आणि चित्रं बघत गप्पा मारा. वाचून दाखवलंत तर छानच, पण वाचलंच पाहिजे असं नाही. आजी, आजोबा, ताई, दादा, कुणीही बसलं तरी चालेल. पान फाटलं तर टेप लावू नका, तसंच पाठवा, आम्ही नीट करू.’

सही नाही, मिनिटं नाहीत. टेपचं वाक्य मुद्दाम घातलंय. साधी सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि मग ते पान कायमचं जातं. पण त्या वाक्याचा खरा उपयोग वेगळा आहे: फाटण्याची शक्यता शाळेनं धरलेली आहे, हे त्यातून घरी कळतं. ज्यांना हा कागदही वाचता येणार नाही, त्यांच्यासाठी हेच चार शब्द तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून फोनवर पाठवा, नाहीतर शाळा सुटताना फाटकाशी उभ्या उभ्या सांगा. छापील कागदापेक्षा तो निरोप जास्त पोचतो.

आता ‘आम्हाला वाचता येत नाही’. तिन्ही तक्रारींत ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती बहुधा खरी असते आणि सांगणाऱ्याला ती सांगताना लाज वाटलेली असते. त्यांना आधी ऐकवायला हवं की लहान मुलाबरोबर पुस्तक घेऊन बसायला वाचता यावंच लागत नाही. हे नुसतं तोंडदेखलं सांगू नका, करून दाखवा. एका पानाचं उदाहरण घेऊ. चित्रात पाऊस पडतोय, एक बेडूक छत्री धरून उभा आहे आणि जरा लांब एक मांजर चिंब भिजलेली आहे. आजीला अक्षर येत नाही, नात पाच वर्षांची आहे.

‘हे कोण गं?’

‘बेडूक.’

‘बेडूकच! हिरवागार, डोळे वटारलेला बेडूक. हातात काय धरलंय त्यानं?’

‘छत्री.’

‘आता बेडकाला कशाला हवी छत्री? त्याला तर पाऊस आवडतो.’

‘ती त्याची नाहीच आहे. मांजरीची आहे.’

‘अगं बाई! मग त्याच्याकडे कशी आली?’

‘त्यानं मागितली असेल... नाही, ती विसरून गेली असेल.’

यात आजीनं एकही अक्षर वाचलं नाही. पण काय काय केलं बघा. नात एक शब्द बोलली, तो तिनं उचलला आणि त्याला दोन शब्द जोडून परत दिला. मग जे चित्रात दिसतच नाही, ते विचारलं. नातीनं आधी एक कारण सुचवलं, ते स्वतःच खोडलं आणि दुसरं दिलं. चौथीत गेल्यावर उताऱ्याखालच्या ‘असे का झाले असावे?’ या प्रश्नाला मुलं अडतात, त्याची पूर्वतयारी ही अशी होते.

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली नेमकं हेच तपासलं होतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी इतकंच शिकवलं की पुस्तक दाखवताना ‘हो-नाही’त उत्तर येणारे प्रश्न कमी विचारा, ‘काय चाललंय’ असे मोकळे प्रश्न जास्त विचारा आणि मूल जे बोलेल त्याला थोडं वाढवून परत द्या. दुसऱ्या गटातले पालकही मुलांना तितकंच वाचून दाखवत होते, फक्त आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली. फरक किती वेळ वाचलं याचा नव्हता, मुलाला बोलायला किती जागा मिळाली याचा होता. तुमच्या वीस मिनिटांच्या नियमाबद्दल माझा आक्षेप इथूनच येतो.

दुसरा दाखला मुख्याध्यापकांना सांगण्याजोगा आहे. लंडनच्या हॅरिंगे भागातल्या काही शाळांनी १९७०च्या दशकात सहा ते आठ वर्षांच्या मुलांना पुस्तकं घरी दिली आणि पालकांना एवढंच सांगितलं की मूल वाचेल ते ऐका. जॅक टिझार्ड, स्कोफील्ड आणि हेविसन यांनी हा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला. काही घरांत इंग्रजी बोलली जात नव्हती, काही पालक निरक्षर होते. तरीही घरच्यांना वाचून दाखवणारी मुलं वाचनात स्पष्टपणे पुढे गेली. ज्या मुलांना शाळेतच जादा शिक्षिका लहान गटात घेऊन बसत होत्या, त्यांच्यात मात्र तशी प्रगती दिसली नाही. पण मुख्याध्यापकांना गुणांची हमी देऊन बसू नका. इंग्लंडमधल्याच रॉचडेल गावच्या बेलफील्ड शाळेत असाच उपक्रम अनेक वर्षं चालला आणि तिथे चाचणीच्या गुणांत असा ठळक फरक आढळला नाही. घर आणि शाळा जवळ आली, पालकांना तो हवाहवासा वाटला, हे खरं. तेवढं पुरेसं कारण आहे, असं माझं मत. मुख्याध्यापकांचं तसं नसेल तर हॅरिंगेपासून सुरुवात करा.

वाचता न येणाऱ्या घरांसाठी तुमच्या कपाटात बिनशब्दांची चित्रपुस्तकं असायलाच हवीत. ती ‘लहान बाळांची’ म्हणून खालच्या फळीवर टाकून देऊ नका. त्यातली काही चांगलीच गुंतागुंतीची असतात आणि त्यांच्यापुढे साक्षर बाप आणि निरक्षर आजी एकाच पातळीवर येतात. घरची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर घरच्याच भाषेत बोला, असं स्पष्ट सांगा. ‘शाळेचं पुस्तक आहे म्हणजे शाळेच्याच भाषेत बोलायला हवं’ या समजुतीनं कितीतरी आया गप्प बसतात. बेडूक घरी कुठल्याही नावाचा असला तरी छत्री कुणाची, हा प्रश्न राहतोच.

आणि एक गोष्ट मला फार आवडते, ती तुम्ही जरूर करा: घरच्यांना पुस्तक करायला लावा. आजोबांनी सांगितलेली एखादी आठवण, आईच्या कामावरचा एखादा दिवस, पाळलेल्या कुत्र्याची खोडी, काहीही. मुलानं चित्रं काढायची, मोठ्यांनी सांगायचं. लिहिता येत नसेल तर तुम्ही किंवा वरच्या वर्गातल्या मुलानं लिहून घ्यायचं. आठ पानं, मध्ये दोन टाके, जाड पुठ्ठ्याचं कव्हर. पुढची पायरी बहुतेक ठिकाणी सुटते, ती सोडू नका. त्या पुस्तकाची ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत रीतसर नोंद करा, क्रमांक द्या, पाठीवर चिठ्ठी लावा, कव्हरवर सांगणाऱ्याचं आणि चित्र काढणाऱ्याचं नाव घाला आणि ते इतर पुस्तकांबरोबर फळीवर ठेवा. प्रदर्शनात दोन दिवस टांगून नंतर माळ्यावर टाकायचं नाही. आपल्या आजोबांचं पुस्तक दुसऱ्याच मुलानं घरी नेलंय, हे कळल्यावर ते आजोबा ग्रंथालयात येतात की नाही ते बघा. इतक्या आमंत्रणांनी जे झालं नाही ते यानं होण्याची शक्यता बरीच आहे.

वेळेच्या तक्रारीचं उत्तर लहान आहे. पालकांना वेगळं बोलावू नका. ते ज्या वेळी शाळेशी येतातच, त्या वेळी ग्रंथालयाचं दार उघडं ठेवा. आठवड्यातून दोनदा, शाळा भरताना किंवा सुटताना पंधरा मिनिटं. भाषण नको, हजेरीपट नको. कडेवरच्या धाकट्याला आत यायची मुभा हवी, कारण त्याला बाहेर ठेवून आई आत येणार नाही. मोठ्या माणसाला बसता येईल अशा दोन-चार खुर्च्या हव्यात. पहिलीच्या बाकात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाला कधी एकदा उठतो असं झालेलं असतं. खोली दुसऱ्या मजल्यावर असेल तर एक पेटी पुस्तकं भरून फाटकाशीच आणा. पालकाला स्वतःसाठी पुस्तक हवं असेल तर त्याच्या नावावर द्या, शाळेचा नियम आड येत असेल तर तो बदलून घ्यायला हे चांगलं निमित्त आहे. आणि ज्या घरी संध्याकाळी मोठं माणूसच नसतं, तिथे मोठी बहीण किंवा भाऊ असतो. तिसरी-चौथीतल्या मुलांना धाकट्यांसाठी कसं वाचायचं ते वर्गात एकदा दाखवून द्या. वाचनात जरा मागे असलेल्या मोठ्या मुलाला हे काम मिळालं तर ते सोपं पुस्तक हातात घ्यायला त्याला मानाचं कारणही मिळतं.

‘अभ्यास घ्या’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना मुलाचं भलंच हवंय. त्यांना एक गोष्ट सांगा. हेज आणि अॅरन्स या अभ्यासकांनी १९८८ साली इंग्रजीतल्या बोलण्याची आणि लिखाणाची तुलना केली. तेव्हा असं दिसलं की रोजच्या वापरात क्वचित येणारे शब्द मुलांच्या पुस्तकांत जितके येतात, तितके शिकलेल्या मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांतही येत नाहीत. आपणच आपलं बोलणं आठवून बघावं. ‘जेवलास का, दप्तर भरलं का, लवकर आवर.’ यात ‘चिंब’, ‘डोकावला’, ‘दबकत दबकत’ कधी येणार? पाठ्यपुस्तकातला धडा समजायला हेच शब्द लागतात. हे पटलं तर उत्तम, नाही पटलं तरी पुस्तक देत राहा.

मात्र हेच पालक कधी कधी पुस्तक हाती धरतात आणि त्याचा अभ्यासच करून टाकतात. दर ओळीला बोट, दर शब्दाला ‘हे काय लिहिलंय, वाच’. त्यांना एकच युक्ती द्या. मूल शब्दाशी अडलं तर मनात पाच आकडे मोजा. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर शब्द सरळ सांगून टाका, मुलाला तो म्हणू द्या आणि पुढे चला. अडलेल्या शब्दावर वर्ग भरवायचा नाही. पालक-मुलांनी जोडीनं वाचायच्या ज्या पद्धती शाळांमधून शिकवतात, त्यांत हा नियम असतोच. आणि तेच पुस्तक मूल पुन्हा पुन्हा मागत असेल तर पुन्हा पुन्हा द्या. ‘हे तर झालंय तुझं’ असं ग्रंथालयात कुणी म्हणू नये, अगदी तुम्हीसुद्धा.

आता मुख्याध्यापक. त्यांची काळजी अगदीच पोकळ नाही. पुस्तकं नोंदवहीत आहेत, कमी भरली तर विचारणा त्यांनाच होणार. पण एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरण्यासाठी असतात हा आहे. तो त्यांना ऐकवाच, पण त्याबरोबर एक व्यवहारी तोडगाही न्या. घरी जाणाऱ्या पुस्तकांचा वेगळा संच करा. त्यात जाड पानांची, पक्क्या बांधणीची आणि एकाहून जास्त प्रती असलेली पुस्तकं घाला. महागडी आणि दुर्मीळ पुस्तकं वर्गातच वाचा. प्रत्येक मुलाला एक कापडी पिशवी द्या, पुस्तक त्या पिशवीतूनच जाईल आणि येईल. निम्मी झीज डब्याच्या आणि पाण्याच्या बाटलीच्या शेजारामुळे होते. वर्षाला काही पुस्तकं जाणार, हे आधीच लिहून त्यांची मंजुरी घ्या. फाटलेल्या पुस्तकांसाठी एक ट्रे ठेवा आणि ज्या पालकांना वाचण्यापेक्षा हातानं काम करणं सोपं वाटतं, त्यांना महिन्यातून एकदा दुरुस्तीला बोलवा. पातळ कागद आणि खळ कशी लावायची ते शिकायला फार वेळ लागत नाही. पुस्तकाच्या निमित्तानं आलेला हाही पालकच.

भरपाई मात्र बंद करा. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१९ साली उशिराचा दंड रद्द केला, तेव्हा पुस्तकं परत यायचं प्रमाण उलट वाढलं. दंडाच्या भीतीनं लोक पुस्तकंही आणत नाहीत आणि स्वतःही येत नाहीत. तुमच्याकडेही एखादं पुस्तक परत येत नसेल तर त्या मुलाचं पुढचं पुस्तक अडवू नका. ज्या घरात पुस्तक हरवलं, त्या घरात बहुधा दुसरं पुस्तक नसतं.

राहिला बक्षिसाचा प्रश्न. नको. पहिलं बक्षीस त्या नेहमीच्या चार-पाच जणांतच जाईल, दुसऱ्या महिन्यापासून न वाचताच सह्या व्हायला लागतील, आणि ज्या आजीनं छत्रीवरून इतक्या गप्पा मारल्या तिच्या नावावर शून्य पुस्तकं लागतील, कारण तिनं ‘वाचून’ घेतलंच नाही. त्याऐवजी पुस्तक परत घेताना मुलाला एकच गोष्ट विचारा: घरी हे कुणी कुणी बघितलं आणि ते काय म्हणाले? उत्तर त्या मुलाच्या शब्दांत एका चिठ्ठीवर लिहा आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानामागे पाकिटात घालून ठेवा. ‘दादा म्हणाला बेडूक चोर आहे.’ पुढच्या घरी पुस्तक गेलं की ती चिठ्ठीही जाईल, आणि तिथे कुणीतरी म्हणेल की चोर कसला, मांजरच विसरली. एका मुलामागे यात दोन मिनिटं जातात. सगळ्या वर्गाचं एका दिवशी होणार नाही, तेव्हा पुस्तकं बदलायचे वार वाटून घ्या, रोज सात-आठ मुलं पुरेत. नवा कागद याच आठवड्यात पाठवा, आणि जुन्या वाचनवह्या गोळा करून घ्या.